फिलिप निकोलाई: भांडखोर पाळक आणि त्याची दोन गाणी

प्रश्न असा आहे की बाख या जर्मन संगीतकाराचा १४० नंबरचा कँटाटा (चर्चमध्ये वाद्यांसह गायची मोठी रचना) ऐकला, खूप आवडला, मग कळलं की त्याची मूळ चाल आणि शब्द बाखचे नाहीतच, फिलिप निकोलाई नावाच्या कुणा पाद्र्याचे आहेत. तर हा माणूस नक्की कोण, संगीतकार की धर्मपंडित, दोनच गाणी लिहून एवढं नाव कसं झालं, आणि प्लेगमध्ये माणसं मरत असताना इतकं आनंदी गाणं कुणी कसं काय लिहितं.

मी तीसेक वर्षं मराठी चर्चचा क्वायर बसवतोय, ऑर्गन पण वाजवतो (पायपेटीवर शिकलेला माणूस आहे, पेडल नंतर आलं), आणि निकोलाईची ही दोन्ही गाणी आम्ही कितीतरी आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) गायलीयेत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकू. नेटवर जिथे बघाल तिथे याची एकच स्टोरी सापडते, प्लेग, कबरी, आणि त्यातून उमललेलं सुंदर गाणं. ती खोटी नाही पण त्याने माणूस फार गोडगोड होऊन जातो. निकोलाई गोड नव्हता. तो त्याच्या काळातला एक नंबरचा भांडखोर ल्यूथरपंथी पंडित होता, आयुष्यभर कॅल्व्हिनपंथीयांशी (प्रोटेस्टंटांचाच दुसरा पंथ) प्रभुभोजनावरून भांडला, आणि माझं स्पष्ट मत आहे की ती गाणी त्या भांडखोर पंडितानेच लिहिलीयेत, कुणी हळवा कवी त्याच्या आत लपून बसलेला नव्हता.

जन्म १० ऑगस्ट १५५६, गाव मेंगेरिंगहाउझेन, वाल्डेक नावाच्या छोट्याशा संस्थानात, आज ते जर्मनीतल्या हेसेन राज्यात बाड आरोल्झेन शहराचा भाग आहे. वडील पाळक. मूळ आडनाव राफ्लेनबॉयल, पण वडिलांनी आपल्या बापाच्या निकोलाउस या नावावरून निकोलाई हे लॅटिन वळणाचं नाव घेतलं, त्या काळी शिकलेल्यांत तशी फॅशनच होती. फिलिप शिकला एरफुर्ट आणि विटेनबर्गला, विटेनबर्ग म्हणजे ल्यूथरचं गाव, म्हणजे काय हवा डोक्यात भरली असेल ते आलंच. १५८३ मध्ये हेर्डेकेला पाळक झाला, वडीलही आधी तिथेच होते. तिथे नगरपरिषदेत कॅथलिक लोक होते, रोजची कटकट, आणि १५८६ मध्ये स्पॅनिश सैन्य आलं तेव्हा याला गाव सोडावं लागलं. मग काही काळ कोलोनला. तिथे ल्यूथरपंथीयांना उघड उपासना करायची सोयच नव्हती, घराघरांत लपून जमायचे, आणि हा त्या घरच्या मंडळ्यांचा पाळक. पुढे परत वाल्डेकमध्ये विल्डुंगेनला, तिथे काउंटेस मार्गारेटेच्या दरबारात धर्मोपदेशक आणि तिच्या मुलाचा, विल्हेल्म एर्न्स्टचा, शिक्षक. हे मुलाचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता भांडणाचं. वाद काय होता ते थोडक्यात, कारण त्याशिवाय गाणी कळत नाहीत. प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षारस घेतो तेव्हा ख्रिस्त तिथे खरोखर, शरीराने हजर असतो का? कॅल्व्हिनपंथीय म्हणायचे की तो स्वर्गात आहे, आपण आत्म्याने त्याच्यापर्यंत जातो. निकोलाई आणि त्याच्या बाजूचे म्हणायचे नाही, तो माणूस म्हणूनही सर्वत्र आहे, इथे, या टेबलावर, या क्षणी. आज आपल्याला वाटेल एवढ्यावरून काय भांडायचं, पण यावरून माणसांच्या नोकऱ्या जायच्या, डिग्र्या अडायच्या. याची स्वतःची अडली की. १५९० मध्ये मारबुर्गला डॉक्टरेट घ्यायची होती, हेसेनच्या राजाने आडकाठी केली, शेवटी १५९४ मध्ये विटेनबर्गहून मिळवली. आणि १५९७ मध्ये याने एक पुस्तिका काढली, तिच्या नावाचा अर्थच 'कॅल्व्हिनपंथीयांच्या देवाविषयी आणि त्यांच्या धर्माविषयी थोडक्यात हकिगत' असा आहे. म्हणजे त्यांचा देवच वेगळा, आपला नव्हेच! त्याच वर्षी लॅटिनमध्ये ख्रिस्ताच्या राज्यावर एक जाडजूड ग्रंथ आला, त्यात जगभरात ख्रिस्ती धर्म कुठे कुठे पोचलाय त्याचा आढावा आहे आणि बायबलमधल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून १६७० साली जगाचा शेवट होणार असं गणितही आहे. हो, खरंच. आपला लाडका गीतकार पंचांग मांडून बसला होता.

असा हा माणूस १५९६ मध्ये वेस्टफालियातल्या उना या गावी पाळक म्हणून आला, आणि पुढच्याच वर्षी तिथे प्लेग आला.

जुलै १५९७ ते जानेवारी १५९८. गाव लहान, मेले १३०० च्या वर. ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात १७०. पाळकाच्या घराच्या खिडकीतून दफनभूमी दिसायची, आणि पाळक म्हणून प्रत्येक दफनाला हाच. कोविडच्या पहिल्या दोन लाटांत ज्यांनी स्मशानाजवळच्या घरात दिवस काढलेत त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. तर त्या महिन्यांत याने काय केलं? पॅम्फ्लेटं लिहिणं बंद. मरणानंतरच्या जीवनाविषयी वाचायला आणि लिहायला बसला, रोज थोडं थोडं. पुढे त्याच लिखाणाचं पुस्तक झालं, 'अनंतकालिक जीवनाचा आनंद-आरसा' असं त्याच्या नावाचं मराठी करता येईल, ते १५९९ मध्ये फ्रांकफुर्टला छापलं गेलं. प्रस्तावनेत तो जे म्हणतो त्याचा अर्थ असा की या विषयाइतकं गोड त्या दिवसांत मला दुसरं काही लागलंच नाही, मी मेलो तर हे कागद माझ्या शांत निरोपाची खूण म्हणून मागे राहावेत आणि जगलो तर दुसऱ्या दुःखी माणसांना उपयोगी पडावेत. म्हणजे लिहिताना आपण जगणार का हेच माहीत नव्हतं.

ती दोन गाणी या पुस्तकाच्या शेवटी, परिशिष्टात आहेत. हे मी क्वायरला दरवेळी सांगतो. आधी शेकडो पानं धर्मशास्त्र, आणि मग मागे गाणी, चालीसकट. म्हणजे ज्याला एवढं सगळं वाचणं झेपणार नाही त्याच्यासाठी गाण्यात काढलेला अर्क.

पहिलं 'वाखेट आउफ', जागे व्हा. मत्तय २५ मधल्या दहा कुमारींचा दाखला, वर मध्यरात्री येतो, पाच जणींच्या दिव्यात तेल आहे, पाच जणींच्या नाही. यात जरा बारकाईने बघा. मत्तयात त्या गोष्टीचा शेवट कडक आहे, दार बंद होतं आणि पाच जणी बाहेर राहतात. निकोलाईच्या तीन कडव्यांत दार बंद होतच नाही! मूर्ख कुमारींबद्दल अवाक्षर नाही. पहिल्या कडव्यात बुरुजावरचा पहारेकरी ओरडतो, दुसऱ्यात सियोनची कन्या, म्हणजे देवाची मंडळी, उठते आणि सगळे मेजवानीच्या दालनात शिरतात, तिसऱ्यात बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातली ती मोत्यांच्या बारा वेशींची नगरी आणि देवदूतांबरोबर गाणं. आणि मूळ छापील शेवट काय आहे माहितीये? 'ई-ओ, ई-ओ' अशी नुसती आरोळी आणि मग 'इन दुल्ची यूबिलो' हे लॅटिन शब्द. डॉक्टरेट घेतलेला पंडित शेवटच्या ओळीत शब्द सोडून ओरडायलाच लागतो. कॅल्व्हिनपंथीयांना नरकाची भीती घालणारा हा माणूस स्वतःच्या मंडळीसाठी गाणं करताना दार बंद करत नाही, कारण त्या मंडळीतल्या अर्ध्या घरांतलं कुणीतरी नुकतंच पुरलेलं होतं आणि पुरलं यानेच होतं. हे माझं वाचन आहे, पण क्वायरला सांगितल्यापासून आमचं तिसरं कडवं सुधारलं एवढं खरं.

दुसरं 'वी शॉन लॉयख्टेट', पहाटेचा तारा किती सुंदर चमकतोय. सात कडवी. हे स्तोत्र ४५ वरून घेतलेलं वधूगीत आहे, आत्मा ही नवरी आणि ख्रिस्त नवरा. आपल्याकडे विराणी ऐकलेल्या माणसाला यात काही विचित्र वाटत नाही पण नंतरच्या जर्मन संपादकांना फारच वाटलं, त्यांनी यातली प्रेमाची भाषा जागोजागी सौम्य केली. आणि इथे तो प्रभुभोजनाचा वाद बघा कसा येतो, हा नवरा लांब स्वर्गात बसलेला नाहीये, त्याचं शरीर आणि रक्त इथे मिळतं, तो मिठीत घेतो असं गाणं म्हणतं. पंडित ज्या मुद्द्यावर पॅम्फ्लेटात शिव्या देत होता तोच मुद्दा इथे प्रेमगीत होऊन आलाय. कडव्याच्या ओळी मधोमध धरून छापल्या तर प्रभुभोजनाच्या प्याल्याचा आकार दिसतो असंही म्हणतात, खरंच दिसतो, करून बघा.

आता त्या मुलाचं. सातही कडव्यांची पहिली अक्षरं जोडली की 'विल्हेल्म एर्न्स्ट, वाल्डेकचा काउंट आणि स्वामी' या जर्मन शब्दांची आद्याक्षरं होतात. 'वाखेट आउफ'च्या तीन कडव्यांची पहिली अक्षरं उलटी वाचली तर 'वाल्डेकचा काउंट' होतं. आणि हा त्याचा विद्यार्थी १६ सप्टेंबर १५९८ ला ट्यूबिंगेनला शिकत असताना वारला, पंधरावं वर्ष चालू होतं. त्यावरून बरेच जण छातीठोक सांगतात की गाणी त्या मुलाच्या मृत्यूवर लिहिली. थांबा जरा. पुस्तकाच्या प्रस्तावनेखाली तारीख आहे १० ऑगस्ट १५९८, निकोलाईचा बेचाळिसावा वाढदिवस. तेव्हा मुलगा जिवंत होता. गाणी नंतर घातली असतील असं म्हणायला जागा आहे, पण तेवढ्यावर मृत्युगीत म्हणून शिक्का मारू नका. जिवंत विद्यार्थ्याला दिलेली भेट म्हणून ती गायली तर वेगळीच लागतात, आणि मला तीच जास्त आवडतात.

चालीचं बोलू, कारण प्रश्न संगीतकार होता का असाही आहे. तो दरबारी संगीतकार नव्हता, नोकरी पाळकाची. मग चाली त्याच्याच का? छापल्या पहिल्यांदा त्याच्या पुस्तकात, पण शून्यातून नाहीत. 'वाखेट आउफ'ची सुरुवात न्युरेंबर्गच्या चांभार-कवी हान्स झाक्सच्या 'रुपेरी चाली'शी जुळते, तिचं साल १५१३ सांगतात, आणि 'वी शॉन'मध्ये स्ट्रासबुर्गच्या एका जुन्या स्तोत्राच्या चालीची छाया दिसते असं म्हणतात. यात चोरीबिरी काही नाही, आपला कीर्तनकार जसा लोकांच्या कानात बसलेली वळणं उचलून स्वतःचं पद बांधतो तसंच हे. बांधणी मात्र उस्तादाची आहे.

पेटीवर वाजवून बघा. 'वाखेट आउफ' ची पहिली ओळ: सा ग प, प प प, ध प. संपलं. तुतारीसारखी, लहान मूलही पहिल्या ऐकण्यात पकडतं. दुसऱ्या ओळीत पहारेकरी 'फार उंच बुरुजावर' आहे असे शब्द येतात आणि तिथे चाल चढत वरच्या सप्तकातल्या गंधारापर्यंत जाते. बुरुज चढलाच की. मग हाच भाग पुन्हा, मग वेगळा भाग, आणि वेगळ्या भागाच्या शेवटी पहिल्या भागाची शेवटची ओळ परत येते, त्यामुळे मंडळीला वाटतं आपण घरी पोचलो. 'वी शॉन' ची सुरुवात सा प ग सा, प ध ध प, आणि मधेच 'मोहक, प्रेमळ' असे दोन दोन अक्षरांचे शब्द येतात तिथे प ग, प ग. पाळण्यासारखं. लक्षात घ्या तेव्हा मंडळीच्या हातात पुस्तकं फारशी नसायची, बहुतेक जण ऐकून ऐकूनच गायचे, तर चाल कानाला चिकटली नाही तर गाणं मेलं. मूळ लय मात्र आज आपण गातो तशी सपाट नव्हती, लांब-आखूड सुरांची, जरा उडती होती, पुढे शंभर दीडशे वर्षांत ती घासून घासून सरळ झाली आणि बाखच्या हातात आली ती अशी सरळ झालेली.

यावरून माझी एक फजिती. पहिल्यांदा हे बसवलं तेव्हा मी तरुण होतो, बाखची रेकॉर्ड ऐकून भारावलेलो, ठरवलं भारदस्त गायचं, संथ, आणि तेही ई फ्लॅट या उंच पट्टीत. तिसऱ्या प्रॅक्टिसला अल्टोमधल्या (बायकांचा खालचा आवाज) एक काकू, रिटायर्ड नर्स, त्या म्हणाल्या, "सर, आपण लोकांना जागे व्हा म्हणतोय का झोपा?" आणि सोप्रानोंचा (बायकांचा वरचा आवाज) तो वरचा गंधार म्हणजे कुकरची शिट्टी. पुढच्या आठवड्यात सूर खाली आणला, लय जवळजवळ दीडपट केली, गाणं उठून बसलं. मराठी शब्दांचाही प्रयत्न केला होता तेव्हा. 'जागे व्हा' ही तीन अक्षरं सा ग प वर अशी काही चपखल बसतात की वाटतं निकोलाईने मराठीतच केलं असावं! अडचण पुढे येते. जर्मन ओळ शेवटी हलक्या अक्षरावर टेकते, पाय अलगद ठेवल्यासारखी. मी तिथे 'हाक ऐकू ये' केलं, तर तो शेवटचा 'ये' दीर्घ, आणि सगळे त्याच्यावर जोर देऊन ओरडायचे. दोन वर्षं तसंच गायलो, आता शेवटचा स्वर अर्ध्यात सोडायला शिकवतो.

गोष्ट पुरी करतो. १५९८ च्या नाताळाच्या सुमारास पुन्हा स्पॅनिश सैन्य आलं, निकोलाई उनाहून पळाला, वसंतात परतला. १६०० मध्ये एका पाळकाच्या विधवेशी, काटारिनाशी, लग्न केलं, आणि १६०१ मध्ये हाम्बुर्गच्या सेंट कॅथरिन चर्चचा मुख्य पाळक झाला. पळापळ संपली, मोठं बंदर, मोठं चर्च, प्रवचनाला गर्दी. आणि इथे मला सगळ्यात आवडणारा तुकडा आहे. १६०४ मध्ये हाम्बुर्गच्या चार मुख्य चर्चच्या चार ऑर्गनिस्टांनी मिळून चार आवाजांचं एक गीतपुस्तक काढलं, मुख्य चाल सगळ्यात वरच्या आवाजात, म्हणजे मंडळीला बरोबर गाता यावं. त्यात 'वाखेट आउफ'ला स्वरसाज चढवला याकोब प्रेटोरियुसने, आणि 'वी शॉन'ला डाव्हिड शाइडेमानने, जो निकोलाईच्याच चर्चचा ऑर्गनिस्ट. म्हणजे याने खाली उभं राहून वर ऑर्गनवर आपल्याच गाण्याचा नवा साज ऐकला असणार. बहुतेक गीतकारांना ते सुख मिळत नाही हो. १६०८ च्या २२ ऑक्टोबरला एका सहकाऱ्याच्या दीक्षाविधीला गेला, घरी आला तो ताप घेऊन, आणि २६ तारखेला गेला. वय ५२.

बाखचा कँटाटा यायला अजून सव्वाशे वर्षं होती. कँटाटा १४० हा २५ नोव्हेंबर १७३१ चा, लायप्त्सिगचा, त्रैक्य रविवार या ईस्टरनंतरच्या सणापासून मोजलेल्या २७ व्या रविवारसाठी, आणि तो रविवार ईस्टर अगदी लवकर आला तरच वर्षात येतो, म्हणून असा प्रसंग बाखलाही क्वचितच मिळाला. यात निकोलाईची तिन्ही कडवी जशीच्या तशी आहेत, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या भागात, मधे आत्मा आणि येशूची दोन युगुलगीतं. तुम्हाला जो भाग आवडला असेल तो बहुतेक चौथा, तंतुवाद्यांची ती लाडिक धून आणि तिच्या मधून टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) निकोलाईची चाल सरळ गाऊन जातात, पुढे बाखनेच तो ऑर्गनसाठी केला, शुब्लर कोराल नावाच्या, चर्चगीतांच्या चालींवरच्या सहा तुकड्यांत तो पहिला. 'वी शॉन'वरचा कँटाटा म्हणजे नंबर १, २५ मार्च १७२५ चा. नंबर १ म्हणून बाखची पहिली रचना समजू नका, १८५१ मध्ये त्याच्या समग्र संगीताचा पहिला खंड निघाला त्यात तो पहिला छापला होता एवढंच. बुक्स्टेहुडे, मेंडेल्सझोन, रेगर यांनीही या चाली घेतल्यात, मेंडेल्सझोनच्या 'पाउलुस'चं सुरुवातीचं वादन ऐका, सापडेल.

आणि गंमत अशी की आज जर्मनीतल्या प्रोटेस्टंट गीतपुस्तकात ही दोन्ही गाणी आहेत, १४७ आणि ७० नंबरला, आणि कॅथलिक गीतपुस्तकातही आहेत, ५५४ आणि ३५७ ला. ज्याला कॅथलिकांमुळे कोलोनमध्ये लपून उपासना घ्यावी लागली त्याची गाणी आज कोलोनच्या कॅथलिक मंडळीच्या पुस्तकात. त्याला विचारलं असतं तर बहुधा पॅम्फ्लेट काढलं असतं.

तुम्हाला ऐकायचं असेल तर उलट्या क्रमाने जा. आधी याकोब प्रेटोरियुसचा १६०४ चा साधा चार आवाजांचा तुकडा, दोन-तीनदा, चाल तोंडात बसेपर्यंत. मग बाखचा चौथा भाग, आणि पहिला भाग सगळ्यात शेवटी, तिथे सोप्रानो लांब लांब सुरांत चाल धरतात आणि खालचे आवाज धावत असतात, चाल पाठ नसेल तर ती हातातून निसटते. आणि स्वतः गाणार असाल तर ई फ्लॅटच्या नादी लागू नका, सी मध्ये घ्या, दमत असाल तर सरळ बी फ्लॅट, आणि ते 'ई-ओ, ई-ओ' लाजत म्हणू नका.